सहा आठवडे बसून काढल्यावर २२ किलोमीटर, आणि सतराव्यानंतरची नडगी

मागून_तिसरी

आज सकाळी २२ किलोमीटर केले. केले म्हणजे १६ पळाले आणि उरलेले सहा ओढत आणले. अंघोळ झाली, आडवी झाले, पण डोळ्याला डोळा लागेना म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आधीची हकिगत अशी. उजव्या नडगीचं हाड, आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर. तीन आठवडे त्याला 'शिन स्प्लिंट' (नडगीच्या कडेची नेहमीची कुरकुर) म्हणत मी पळत राहिले. एक्सरेत काही दिसलं नाही म्हणून आणखी दोन आठवडे पळाले (हो, माहीत आहे, बोलू नका). शेवटी एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअ‍ॅक्शन निघाली. हाडाला भेग गेलेली नाही, पण जायच्या वाटेवर. सहा आठवडे पळणं बंद. त्या काळात जागेवरची सायकल आणि कमरेला पट्टा बांधून पाण्यात पळणं, दोन्ही इमानेइतबारे केलं. मग एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, इथून सुरुवात करून आणखी सहा आठवड्यांत १४ किलोमीटरपर्यंत आले. नडगी गप्प होती. ४२ किलोमीटरची मॅरेथॉन नऊ आठवड्यांवर आली आहे आणि सरावाच्या तक्त्यात आजच्या रकान्यात २२ लिहिलं होतं.

पहिले दहा किलोमीटर इतके सुरेख गेले की मनातल्या मनात मी पदक गळ्यात घालूनही घेतलं. पेस ७:२०, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं वीस सेकंद, माझा नेहमीचा निवांत. फक्त ठोके जास्त होते. एरवी या वेगाला १४५ असतात, आज दहाव्या किलोमीटरला १५८ आणि पंधराव्याला १६५. सोळाव्याला डाव्या पोटरीत गोळा यायला लागला. डाव्या! ज्या पायाला कधी काही झालं नाही तो. आणि साडेसतराच्या आसपास उजव्या नडगीत, बरोब्बर तिथेच, काहीतरी झालं.

थांबले. अंगठ्याने दाबलं. दाबल्यामुळे दुखतंय की मुळात दुखतंय, ते कळेना. चालायला लागले. मग शंभर पावलं पळ, कान लावून ऐक, थांब, दाब, परत चाल. पावलागणिक नडगीची हजेरी घेत होते. एक बाई बाळाची गाडी ढकलत माझ्या पुढे निघून गेली.

तिथेच का थांबले नाही, असं विचाराल. मार्ग सरळ ११ जाऊन ११ परत असा आखला होता. साडेसतराला सोडून दिलं तरी घर साडेचार किलोमीटरवर, आणि जवळ ना फोन ना पैसे. इथवर माझी चूक नुसती आखणीची आहे. पण पुढचं कबूल करते. मधल्या वाटेने २०.८ लाच थेट घर गाठता आलं असतं. मी गेले नाही. लांबून वळसा घातला, कारण २०.८ ला काय अर्थ आहे? एकूण तीन तास एक मिनिट.

माझे प्रश्न: ठोके एवढे का चढले? नडगीतलं ते दुखणं परत आलंय की भीतीने मला तसं वाटतंय? आणि नऊ आठवड्यांनी ४२ चा विचार करावा का?

दमछाक

आधी टाळ्या! पाय दुखत असताना २२ पूर्ण करणं खायचं काम नाही. जोन बेनॉइटचं आठवा. १९८४ साली अमेरिकेच्या निवड चाचणीच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ती चाचणी जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनसुद्धा. ताई, नऊ आठवडे म्हणजे खूप झाले.

साठीतला_पळपुट्या

दमछाकराव, तिचं गुडघ्याचं काम दुर्बिणीतून झालं होतं, हाड पिचलेलं नव्हतं. शिवाय शस्त्रक्रियेआधी ती जगातल्या सगळ्यात वेगवान बायकांपैकी एक होती. असं करून ज्यांचे पाय मोडले त्यांची नावं कुणाच्या ध्यानात राहतात? मला एक आठवतं, माझं स्वतःचं. सांगेन कधीतरी.

बाई, तुम्ही आजचा दिवस गप्प पडून राहा. आणि ते वळसा घालून २२ पुरे केलेत ना, ते वाचून मी इतका हसलो की घरातल्यांनी येऊन विचारलं. हसलो कारण मीही हेच करतो.

आकडेमोड

तीन गोष्टी.

१४ वरून २२ म्हणजे एका उडीत ५७ टक्के वाढ. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा जुना नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो आठवड्याच्या बेरजेबद्दल आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका पळण्याचं अंतर महत्त्वाचं निघालं. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब अंतरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पुढे गेलं की दुखापतीचा धोका वाढत होता. तुमच्या बाबतीत ती मर्यादा होती १५.४. तुमची पोटरी सोळाव्याला बोलली. योगायोग असेल, पण मला आवडला.

दुसरं, पावलं. ७:२० चा पेस आणि मिनिटाला साधारण १६५ पावलं धरली तर किलोमीटरला १२१०. बावीसला साडेसव्वीस हजार, म्हणजे उजव्या पायावर तेरा हजारांच्या वर आदळआपट.

तिसरं, त्या आठवड्यात एकूण किती पळालात?

मागून_तिसरी

सहा, सहा आणि बावीस.

आणि शेवटचे सहा मी बहुतेक चालले, त्यामुळे तुमची तेरा हजारांची आदळआपट जरा कमी करा.

आकडेमोड

मान्य, साडेनऊ-दहा हजार करतो. पण ३४ पैकी २२ एकाच दिवशी, म्हणजे आठवड्याचे ६५ टक्के एका सकाळी. तिशीच्या आसपास टक्के ठेवावेत असं सर्वसाधारण सांगतात. आठवड्याला तीनच दिवस पळणाऱ्यांना ते जमत नाही हे खरं, पण ६५ म्हणजे फारच.

ठोक्यांबद्दल: दोन-अडीच तास एकाच वेगाने पळलं तरी ठोके हळूहळू चढतातच. घाम जातो, रक्तातलं पाणी घटतं, एकेका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, मग हृदय ठोके वाढवून ती भर काढतं. तुमचे मात्र दहाव्यालाच चढले होते, म्हणजे आणखी काहीतरी आहे. झोप? पाणी? काही खाल्लं होतं का?

पोटरीपुराण

मी फिजिओ आहे, पण तुमचा पाय इथून दिसत नाही, तेव्हा हे निदान समजू नका.

आधी एक विनंती. 'दुखतंय' एवढ्याने काही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच विचारते: कळ आली, चमक मारली, ठणकतंय, सलतंय, आवळून आलंय की भरून आलंय? पाय भरून येणं म्हणजे स्नायू थकलेत. आवळून येणं, गोळा येणं हेही स्नायूचंच. चमक मारून गेली आणि पुढच्या पावलाला नाही, तर मी लगेच घाबरत नाही. पण एकाच ठिकाणी सल आहे, प्रत्येक पावलागणिक वाढतोय आणि रात्री पडल्या पडल्या ठणका लागतो, असं कुणी म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. हाड तसं बोलतं.

तर तुमची ती साडेसतराची कोणती?

दुसरं, अंगठ्याने दाबताना दुखरा भाग किती मोठा आहे ते बघा. हाडाच्या कडेने चार-पाच बोटं लांब पट्टा हुळहुळा असेल तर ती बहुतेक नडगीच्या आवरणाची कुरकुर, म्हणजे तुमचे शिन स्प्लिंट. एका बोटाखाली मावेल एवढाच बिंदू असेल आणि दाबल्यावर तुम्ही पाय मागे घेत असाल तर डॉक्टरांकडे जा. एक्सरेच्या भरवशावर राहू नका. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, हे तुम्ही एकदा अनुभवलंच आहे. आणि एका पायावर उड्या मारून खात्री करून घेणारे पुष्कळ असतात. दाबून दुखत असेल तर उडी मारून काय सिद्ध करायचंय?

आता हे झालं कसं. सायकल आणि पाण्यातलं पळणं यांनी तुमचा दम राखला, पण त्यात नडगीवर भार जवळपास पडतच नाही. बैल ताजे आणि गाडीचा कणा अजून ओल्या लाकडाचा. बैलांना कळत नाही गाडीत काय चाललंय. हाडाची दुरुस्ती अशी होते की आधी कमकुवत भाग पोखरून काढणाऱ्या पेशी येतात आणि मग नवं हाड रचणाऱ्या. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याचं महिनोन्‌महिने चालतं. अख्खा फेरा तीन-चार महिन्यांचा. तुम्ही पळणं थांबवलंत त्याला बारा आठवडे झाले, म्हणजे काम अजून चालू आहे. दुखत नाही याचा अर्थ भरलं असा नाही.

डावी पोटरी का, तर उजव्याला जपत पळत होता म्हणून. तुम्हाला जाणवलं नसेल. शिवाय पोटरीतला खालचा स्नायू, सोलियस, पळताना शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार झेलतो. सायकल त्याला असा राबवत नाही. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली किती वेळा करता येते ते दोन्ही पायांचं मोजून सांगा. भिंतीला बोट टेकवायला हरकत नाही, लटकायला आहे.

मागून_तिसरी

बापरे, कुणी असं विचारलंच नव्हतं. विचार करून सांगते: चमक होती. एकदाच. नंतर पाच किलोमीटर मी जी 'ऐकत' होते ती चमक नव्हती, काहीच नव्हतं बहुतेक. पण तेव्हा ते मान्य करवत नव्हतं.

आता दाबलं तर हाडाच्या कडेने पट्टा हुळहुळा आहे, एक बिंदू असा नाही. पण दिवसभर इतक्यांदा दाबलंय की तेवढ्यानेच हुळहुळा झाला असेल. नवऱ्याने आता अंगठा काढून घेण्याची धमकी दिली आहे.

टाच वर-खाली: डावा १९, उजवा ११. अकराव्याला पाय थरथरायला लागला. हसू नका.

आकडेमोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळत होते. आधी काही खाल्लं नव्हतं. वाटेतही नाही. पाणी दोनदा.

दमछाक

मी तर लाँग रनच्या आधी एक आयबुप्रोफेन घेऊन टाकतो. काही दुखतच नाही. 🙂

पोटरीपुराण

घेऊ नका. तासन्‌तास पळताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, घामाने पाणी गेलेलं असतं. त्यात ही गोळी म्हणजे मूत्रपिंडावर आणखी ताण. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःच सांगितलंत तेच, काही दुखत नाही. ताईंना सतराव्याला चमक कळली तशी तुम्हाला कळणार नाही. एकविसाव्याला कडकन् मोडेल तेव्हा कळेल.

दमछाक

बरं बाई. एवढं रागवायला नको होतं.

पोटरीपुराण

रागावले नाही. दर महिन्याला एकाला तरी हेच सांगते, त्याचा वैताग आहे.

टाचेचा_कान

मध्येच घुसतोय, अवांतराबद्दल माफी. माझं टाचेमागच्या शिरेचं, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या अकिलीस कंडरेचं दुखणं आहे. मला फिजिओने पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दिलाय आणि थोडं दुखलं तरी चालेल म्हणाले. इथे तर दुखणं म्हणजे लाल बावटा. मग कुणाचं खरं?

पोटरीपुराण

दोन्ही खरं. तुमचा व्यायाम स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांच्या पद्धतीतला आहे, १९९८ मधली. पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असे दोन्ही, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला १८०. त्यात थोडं दुखणं धरलेलंच आहे. शिरेच्या दुखण्यात शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंत आपण चालवून घेतो, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलेलं असावं. हाडाला ही सवलत नाही. हाडाच्या दुखण्यात एक म्हणजे थांबा. म्हणून तर मी कुठे दुखतंय आणि कसं दुखतंय हे आधी विचारते. किती दुखतंय, हे नंतर.

अर्धी_वाट

मागून_तिसरी, जरा खाजगी विचारतेय, उत्तर इथे दिलं नाहीस तरी चालेल. पळणं बंद होतं तेव्हा वजन वाढेल म्हणून खाणं कमी केलं होतंस का? आणि पाळी नियमित आहे का?

मी केलं होतं म्हणून विचारते. दुखापत झाली, पळणं थांबलं, आरशात उगाच जाड दिसायला लागले, ताटातलं निम्मं केलं. हाड भरायच्या दिवसांत हाडाला लागणारंच मी काढून घेतलं. पाळी तीन महिने आली नाही, तेही मला सोयीचंच वाटलं. मग दुसऱ्या पायाला तेच. खर्च होते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात जात राहिली की शरीर हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती अशा एकेका खात्यातून कपात करत जातं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं, त्यांना पाळीचा इशारा मिळत नाही एवढंच. मला हे तिसऱ्या डॉक्टरने विचारलं. पहिल्या दोघांनी बूट बदला म्हणून सांगितलं होतं.

मागून_तिसरी

(दोन दिवसांनी)

उत्तर द्यायला वेळ लागला.

हो. पाळी ठीक आहे, पण खाणं कमी केलं होतं. सहा आठवडे 'पळत तर नाहीये' म्हणून. आणि परत पळायला लागल्यावर 'आता जरा हलकी झालेय, नडगीवर भार कमी' म्हणून. हे इतकं शहाणपणाचं वाटत होतं की मी कौतुकाने मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या सकाळी उपाशी पळाले त्यामागेही हेच होतं.

दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी जिना उतरताना नडगीत काही नाही, मांड्यांनी मात्र जीव घेतला. रात्री ठणका नाही. पट्टा अजून जरासा हुळहुळा आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आकडेमोड

मग ठोक्यांचं कोडं बरंचसं सुटलं. शरीरात साखरेचा साठा, स्नायू आणि यकृत मिळून, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो. आठवडेच्या आठवडे कमी खाणाऱ्याचा तो भरलेला नसतोच, त्यात उपाशीपोटी दोन तास पळणं. सोळाव्याला तुमची नडगी संपली नव्हती, तुम्ही संपला होतात. दीड तासाच्या वरच्या पळण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. भूक लागायची वाट न बघता पहिल्या पाऊण तासातच सुरुवात करायची.

साठीतला_पळपुट्या

माझं सांगतो म्हणालो होतो. पायाच्या पंज्यातलं हाड. पाच आठवडे बसलो, सहाव्यात तीस किलोमीटर पळालो, कारण रेसचा दिवस बदलत नाही. रेसच्या दिवशी मी खुर्चीत होतो आणि पुढचे पाच महिने कुठेच नव्हतो.

तेव्हापासून मी चालतो. म्हणजे चार मिनिटं पळतो, एक मिनिट चालतो, पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालणं वेगळं, त्यात माणूस आधीच हरलेला असतो. जेफ गॅलोवे म्हणून १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला गृहस्थ, त्याने हे शिकवलं. तो चालायला सांगतो म्हटल्यावर मला कसली लाज? पहिल्या दोन रविवारी माझा ग्रुप पुढे निघून गेला. तिसऱ्या रविवारी त्यातले दोघे विसाव्या किलोमीटरला मला दिसले, रस्त्याच्या कडेला बसून पोटऱ्या चोळताना. मी हात हलवला आणि माझं एक मिनिट संपलं म्हणून पळायला लागलो. फार पुण्याचं काम नव्हतं, पण आनंद झाला.

आणि मार्ग घराभोवती तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचा ठेवा. दर फेरीला दार समोर दिसलं पाहिजे. पाणी दाराशी ठेवता येतं, आणि सोडून द्यायचं झालं तर तंगडतोड नाही.

मागून_तिसरी

दर फेरीला दार समोर दिसलं तर मी दुसऱ्याच फेरीला आत जाईन, काका.

साठीतला_पळपुट्या

जा. त्यासाठीच असतं.

मागून_तिसरी

(नऊ दिवसांनी)

डॉक्टरांनी तपासलं. बिंदू नाही, सूज नाही, स्कॅन परत करायची आत्ता गरज नाही म्हणाले. दहा दिवस पळणं बंद ठेवून, मग १२ पासून पुढे. ४२ बद्दल विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही या जागी असतात आणि मी पळणारा असतो, तर काय सांगितलं असतं?" मला अशी उलटी विचारणा अजिबात आवडत नाही. उत्तर माहीत होतं म्हणून जास्तच.

आयोजकांना पत्र टाकलं आहे, अर्ध्या मॅरेथॉनमध्ये बदलून मिळेल का म्हणून. अजून उत्तर नाही.

पोटरीपुराण

छान. पोटरीचं विसरू नका. गुडघा थोडा वाकवून टाच वर-खाली, आठवड्यातून तीनदा, आधी दोन्ही पायांवर, मग एका. उजवा डाव्याला गाठेपर्यंत लांब अंतराची घाई नको. पावलं थोडी छोटी टाका, मिनिटाला १६५ असतील तर १७३-१७४ करून बघा. पाच टक्क्यांनीसुद्धा दर पावलाचा दणका कमी होतो. एकदम १८० करायला जाऊ नका, ते आणखी एक नवं दुखणं होईल.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. माझंही नडगीचंच, आठवा आठवडा. धागा तीनदा वाचला. एकच विचारायचं होतं. दुखत नसतानाही प्रत्येक पावलाला लक्ष तिथेच जातं, ते कधी थांबतं?

अर्धी_वाट

माझं चार-पाच महिन्यांनी. थांबलं ते कळलंच नाही. एक दिवस घरी आल्यावर लक्षात आलं की आज नडगीची आठवणच आली नव्हती, आणि लगेच दाबून बघितली.

मागून_तिसरी

(साडेपाच आठवड्यांनी)

कुणी वाचत असेल तर खबर द्यायला आले. १२, १३, १४, मग एक आठवडा मागे येऊन १०, मग १५.५. आणि आज १७. चार-एकने, साडेचार किलोमीटरच्या फेऱ्या. आधी पोटभर खाल्लं, वाटेत दर चाळीस मिनिटांनी काहीतरी. दहाव्याला ठोके १४८. टाच वर-खाली आता उजवा २०, डावा २४.

वाचनमात्र, तुमच्यासाठी: दुसऱ्या फेरीपर्यंत लक्ष नडगीवरच होतं. तिसऱ्या फेरीत एक मिनिट चालायचं विसरून सात मिनिटं पळत राहिले, म्हणजे तेवढा वेळ तरी नव्हतं.

अर्ध्यात बदलून मिळालं. बदलायचे पैसे घेतले, फुकट नाही. ४२ चं बिब (छातीवर लावायचा नंबर) घरी आलंच नाही, तरी मला ते कपाटात दिसतंय.

साठीतला_पळपुट्या

चार-एक की चार-अर्धा? खरं सांगा.

मागून_तिसरी

चार-एक. शेवटच्या फेरीत चार-दीडसुद्धा.

आकडेमोड

साडेचारच्या फेऱ्या म्हणता, मग १७ कसे बसले? तीन फेऱ्यांचे १३.५, चारचे १८.

मागून_तिसरी

तुम्ही पकडणार हे माहीतच होतं. चौथ्या फेरीत पोटरी आवळायला लागली म्हणून मधल्या वाटेने घराकडे वळले. हो, मीच. दारात पोचले तेव्हा घड्याळात १६.७ होते. दोन मिनिटं दारात उभी राहिले. मग फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊन ३०० मीटर पुरे केले.

चालत.